मागच्या अंगणातला सापकांदा

आमच्या उचगावच्या घरामागं ऊन म्हणून कधी पोचलंच नाही. घर बघायला आलो ते ऐन एप्रिलात, त्यामुळं ती सावली बघूनच आम्ही भुललो. शेजाऱ्यांच्या बांधावर दोन म्हातारे आंबे, एक जांभूळ आणि एक फणस होता. सगळ्यांच्या फांद्या आमच्या कुंपणावरून आत झुकलेल्या. मागच्या दारात उभं राहिलं की मातीचा गार वास यायचा. "हितं उन्हाळ्यात पंखा लागायचा न्हाय," असं माझा नवरा म्हणाला आणि घर ठरलं.

नव्वदचं दशक तेव्हा निम्मं सरलं होतं. कागलची पंचतारांकित एमआयडीसी नवीनच उभी राहत होती, नवऱ्याला तिथं नोकरी लागली होती आणि कंपनीची बस हायवेवरून जायची. त्याच सुमाराला शिवाजी पेठेतल्या आमच्या भाड्याच्या दोन खोल्या मालकाला परत हव्या झाल्या. म्हणून आम्ही उचगावला आलो. आम्ही म्हणजे मी, नवरा, शाळेत जाणारी आमची मुलगी आणि माझे सासू-सासरे.

सासऱ्यांना मी मामा म्हणायचे. त्यांचा जन्म पेठेत गेलेला. पेशानं शिंपी. पेठेतल्या फुटबॉलच्या निम्म्या टीमांचे शर्ट आणि चड्ड्या त्यांच्या हातच्या. तरुणपणी ते स्वतः गोलकीपर होते. पेठेत त्यांना दुकानापासून घरापर्यंत यायला तास लागायचा, कारण प्रत्येक कट्ट्यावर कुणीतरी थांबवायचं. उचगावात कोणी थांबवायला नव्हतं. पहिल्या दिवसापासून ते एकच बोलायचे. "हितं मला कोण वळखतंय?"

सासूबाईंनी मात्र घर मनावर घेतलं. देवाला दारातलं फूल पाहिजे म्हणून त्यांनी मागं मोगरा लावला, शेवंती लावली, गुलाबाची कलमं लावली. मोगरा पानांनी माजला, पण कळी धरेना. शेवंती उजेडाच्या ओढीनं लांबच लांब वाढून आडवी पडली. गुलाब तर वाळूनच गेले. सासूबाई रोज सकाळी मागं जाऊन बघायच्या आणि रिकामी परडी घेऊन परत यायच्या. दोन वर्षं त्यांनी असं केलं. मग एका दुपारी छातीत कळ आली म्हणून आडव्या झाल्या, त्या उठल्याच नाहीत.

त्यानंतर मामांचं बोलणं थांबलं. जेवायला बोलावलं की यायचे, ताट रिकामं करायचे, उठायचे. दिवसभर घरात आम्ही दोघंच. त्यांच्याशी काय बोलावं ते मला कळायचं नाही. माझं माहेर गडहिंग्लजकडचं, बोलणं मऊ, अर्धं कानडीत मिसळलेलं. मामांच्या तोंडचा पेठेतला आवाज मला लग्नानंतर कितीतरी दिवस भांडल्यासारखा वाटायचा. आता तोच आवाज बंद झाला होता आणि घर मला खायला उठायचं.

अशात एके दिवशी दारात एक उंच म्हातारा येऊन उभा राहिला. पांढरा शर्ट, पांढरा पायजमा, खांद्याला पिशवी.

"कीपर हाय का घरात?" त्यानं विचारलं.

मी आत जाऊन सांगितलं, तसे मामा बाहेर आले. दोघं एकमेकांकडं बघत राहिले. कुणी नमस्कार केला नाही. शेवटी मामा म्हणाले, "ये की फॉरवर्ड. बस."

तेवढं बोलून दोघं समोरासमोर बसले. मी चहा ठेवला. नवरा त्या दिवशी घरीच होता. तो स्वयंपाकघरात आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "ह्यो माणूस आमच्या दारात आलेला मी जन्मात बघितला न्हाय."

मग त्यानं मला सगळं सांगितलं. हे दोघं पेठेतल्या दोन वेगळ्या तालमींच्या टीमांकडून खेळायचे. लहानपणापासूनचे दोस्त, पण मैदानात एकमेकांच्या विरुद्ध. एका फायनलला बॉल दोघांच्या मधोमध पडला. हा पुढून धावत आला, मामा गोल सोडून बाहेर आले आणि दोघं एकमेकांवर आदळले. मामांचा उजवा गुडघा असा गेला की पुन्हा नीट वाकला नाही. खेळ संपला. मुद्दाम मारलं असं एका तालमीचे लोक म्हणायचे, कीपरच चुकीचा बाहेर आला असं दुसऱ्या तालमीचे. दोघांनी मात्र कधी काहीच म्हटलं नाही. हा भेटायला गेला नाही, मामांनी बोलावणं धाडलं नाही. एकाच पेठेत, हाकेच्या अंतरावर राहून त्यांनी तीस-पस्तीस वर्षं अशीच घालवली. समोरून दुसरा येताना दिसला की एकजण गल्ली बदलायचा.

सासूबाई गेल्याचं कळलं आणि फॉरवर्ड सांत्वनाला आले होते. त्या दिवशी दोघांत काही फार बोलणं झालं नाही. जाताना फॉरवर्ड मागच्या दारात आले, वर झाडांकडं आणि खाली सासूबाईंच्या त्या वठलेल्या गुलाबांकडं बघितलं आणि म्हणाले, "ह्या सावलीत गुलाब कुटला यायला? हितं जंगलातलं काय तर लाव."

आठवडाभरानं ते परत आले. पिशवीतून त्यांनी तीन कांदे काढले. कांदे म्हणजे आपले खायचे नव्हेत. बटाट्यासारखे गोल, वरून जरा चपटे आणि मातकट.

"सापकांदा," ते म्हणाले. "माझी लेक गगनबावड्याच्या अंगाला दिलीया. तिच्या रानाच्या कडंला जंगलात हुतोय. पावसाळा लागला की जमिनीतनं फणा काढतोय. पांढराफेक, आतनं जांभळा. लांबनं बघशील तर नागच वाटंल."

"आन् त्याचं करायचं काय?" मामांनी विचारलं.

"बघायचं."

"नुसतं बघायचं?"

"व्हय. नुसतं बघायचं. फुलला की सांगावा धाड, मी येतो बघायला."

मामांनी खांदे उडवले. पण फॉरवर्ड गेल्यावर त्यांनी एक कांदा हातात घेऊन उलटापालटा केला, नखानं साल काढली आणि सुरणासारखा लागतो का बघावा म्हणून जिभेला लावला. क्षणात त्यांचा चेहरा लाल झाला. घशात हजार सुया टोचाव्यात तसे ते खाकरायला लागले. मी चिंचेचं पाणी दिलं, गूळ दिला. बऱ्याच वेळानं त्यांना आवाज फुटला. "त्या फॉरवर्डनं दुसऱ्यांदा मला मारलं बग," ते म्हणाले. मला हसू आवरेना. मग तेही हसले. सासूबाई गेल्यानंतर घरात पहिल्यांदाच कोणी हसलं होतं.

त्या माणसानं आयुष्यात मातीला हात लावला नव्हता. मागच्या अंगणात त्यांनी फणसाखाली एक खड्डा काढला, तिन्ही कांदे त्यात ठेवले, वर माती लोटली. उचगावची माती काळी, चिकट. पाऊस लागला तसा त्या खड्ड्यात पाणी साचून राहिलं. मामा छत्री घेऊन रोज मागं जायचे. जून गेला, जुलै गेला, काही उगवलं नाही. श्रावणात त्यांनी उकरून बघितलं, तर दोन कांदे कुजून त्यांचा चिखल झालेला, घाण वास सुटलेला. तिसरा एका बाजूनं नासला होता, पण दाबला तर बाकीचा घट्ट लागत होता. मामांनी कपडा बेतावा तसा तो नासका भाग सुरीनं नीट कापून काढला, त्यावर चुलीतली राख चोळली आणि कोरड्या वाळूच्या टोपलीत ठेवून टाकला.

"मामा, फॉरवर्डकाकांकडनं दुसरे आणू की," मी म्हटलं.

"नगं. त्यानं दिलेलं कुजवलं म्हणून सांगू व्हय त्याला?"

त्यांचा हा स्वभाव मला तेव्हा मजेशीर वाटला होता.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी अंगण कामाला काढलं. रस्त्याच्या कामावरचा मुरूम आणला, फुटकी कौलं गोळा केली, जांभळीखालचा वर्षानुवर्षांचा पालापाचोळा चाळून घेतला, कुठूनशी लाल माती मिळवली. न वाकणारा गुडघा एका बाजूला पसरून ते जमिनीवर बसायचे आणि हातानं माती कालवायचे. मी पाट्या भरून द्यायचे. विटांचा एक उंचसा वाफा तयार झाला, ज्यात पाणी थांबणार नाही. अशा कामात आम्ही बोलायला लागलो. कुठल्या फायनलला काय झालं, कुणाच्या शर्टाला कसली पट्टी होती, सासूबाईंना पहिल्यांदा कुठं बघितलं, हे सगळं मला त्या वाफ्यापाशी कळलं. माझ्या माहेरच्या कानडी शब्दांची ते नक्कल करायचे आणि चुकीची करायचे.

त्या पावसाळ्यात कोंब आला. साप वर यावा तसाच, चट्ट्यापट्ट्यांचा, टोकदार. मामांनी मला हाका मारून घर डोक्यावर घेतलं. पण तो उलगडला तेव्हा आत फूल नव्हतं. एक उंच दांडा आणि त्याच्या टोकाला गोलाकार पसरलेल्या पात्यांचं एकच पान, उघडलेल्या छत्रीसारखं. दिसायला फार सुंदर होतं. मामांनी शिंप्याची टेप आणून त्याची रुंदी मोजली. तरी त्यांचं मन खट्टू झालं.

फॉरवर्डच्या मुलाचं पेठेत दुकान होतं, तिथं फोन होता. तिथून फॉरवर्डनी आमच्याकडं फोन केला. "काय कीपर, आलं का फूल?"

"येतंय की. वाट बग," मामांनी सांगितलं.

मी म्हटलं, "मामा, पान तर आलंय. बोलवा की त्यांना. चहाला या म्हणावं."

"पान बघायला कोण येतंय एवढ्या लांब? दाखवायला कायतर पायजे."

"मग आपणच जाऊन येऊ पेठेत."

"मोकळ्या हातानं?"

खरं तर उचगाव ते पेठ हे अंतर ते केवढं. पण मामांनी पेठ सोडल्यापासून तिकडं पाऊल टाकलं नव्हतं. जिथं आपलं घर होतं तिथं पाहुणा म्हणून जायचं त्यांना जड जात असावं. आणि फॉरवर्डकडं जायचं तर काहीतरी निमित्त हवं होतं. पस्तीस वर्षं न बोललेल्या माणसाच्या दारात उगाच कसं जायचं? फूल हे चांगलं निमित्त होतं. म्हणून ते फुलाची वाट बघत राहिले.

फॉरवर्ड आणखी एकदा आपणहून आले होते, पण ते थंडीत. या भागात कुणाचं लग्न होतं. जेवण उरकून वाट वाकडी करून आले आणि थेट मागं गेले. वाफा मोकळा. पान दिवाळीच्या आधीच वाळून गळून गेलं होतं.

"कुटाय रं?"

"झोपलंय," मामा म्हणाले.

"थापा मारतोस लेका. तू लावलंच न्हाईस."

"आईच्यान! हितं खाली हाय. उकरून दावू?"

"नगं नगं. झोपूदे."

ती दुपार फार छान गेली. मी दोघांना वाफ्याजवळ खुर्च्या टाकून दिल्या, भजी तळून दिली. दोघंही जुन्या रेफ्रींना शिव्या देत होते. त्या आदळण्याचा विषय कुणी काढला नाही, पण एकदा फॉरवर्डनी मामांच्या गुडघ्याकडं बघून विचारलं, "थंडीत दुखतोय का?" मामा म्हणाले, "आता सवय झाली." एवढंच. संध्याकाळ व्हायला आली तसे फॉरवर्ड उठले. जाताना म्हणाले, "बोलीव मग."

"फूल आलं की बोलीवतो," मामा म्हणाले.

पुढच्या जूनमध्ये फूल आलं. एका सकाळी मी मागचं दार उघडलं आणि दचकून पायरीवरच थांबले. अंधाऱ्या सावलीत पांढरा फणा उभा होता. पुढं झुकलेला, आतून जांभळा आणि त्या जांभळ्यातून बाहेर डोकावणारी बारीक जीभ. वारा नव्हता, तरी तो आता हलेल असं वाटत होतं. मामा आले आणि वाफ्यापर्यंत गेले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. सासूबाईंचं नाव त्यांनी घेतलं नाही, पण मला वाटतं आम्हा दोघांच्याही मनात त्याच होत्या.

बातमी पसरली. शेजारच्या बायका आल्या. एकीनं हळदकुंकू वाहिलं, दुसरीनं असलं झाड दारात ठेवू नये म्हणून बजावलं. माझी धाकटी बहीण तेव्हा बीएस्सी करत होती, ती सुट्टीला आली होती. तिनं फूल निरखून सांगितलं, "हे नर आहे. या झाडाचं असंच असतं. कांदा लहान असला की नर फूल येतं. कांदा पोसला की तेच झाड पुढं मादी होतं आणि मग त्याला लाल फळांचं कणीस धरतं."

मामांनी तिच्याकडं संशयानं बघितलं. "म्हंजे उपाशी हाय तवर बाप्या, पोट भरलं की बाई?"

"हो."

"आन् परत उपाशी ऱ्हायलं तर?"

"परत नर. नाहीतर नुसतंच पान."

"फॉरवर्डला ह्ये सांगितलं पायजे," असं म्हणून ते खदखदून हसले आणि फोनकडं गेले.

फॉरवर्ड पेठेत नव्हते. भाताच्या लावणीसाठी लेकीकडं गेले होते, बावड्याच्या बाजूला. तिथं फोन नव्हता. मुलानं निरोप धाडतो म्हणून सांगितलं. त्या आठवड्यात पाऊस असा लागला की बावड्याचा रस्ता ठिकठिकाणी पाण्याखाली गेला. मामा रोज सकाळी फूल बघायचे आणि मग रस्त्याकडं बघत बसायचे. फणा आधी मलूल झाला, मग काळवंडला, मग दांड्यावर लोंबायला लागला. फॉरवर्डना निरोप मिळाला तेव्हा सगळं संपलं होतं.

"फुडच्या वर्षी," मामा फोनवर म्हणाले.

पुढच्या वर्षी शेजारच्या कोंबड्यांनी कोवळा कोंब टोकरला. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा नुसतं पान. मामांनी दोन्ही वर्षं बोलावणं केलं नाही. फॉरवर्डचे फोन यायचे, मग तेही कमी झाले. आम्ही सगळेच आपापल्या कामात होतो. मुलगी मोठ्या वर्गात गेली, नवऱ्याच्या पाळ्या बदलल्या, मी घरी शिकवण्या घ्यायला लागले. दोन म्हातारी माणसं भेटतात की नाही, याचा हिशेब कोण ठेवतं?

मग एका वैशाखात फॉरवर्डच्या मुलाचा फोन आला. वडिलांना झटका आला होता. उजवी बाजू गेली होती, बोलणं जड झालं होतं. दवाखान्यातून घरी आणलं होतं. मामांनी ऐकलं, रिसीव्हर माझ्या हातात दिला आणि मागं जाऊन वाफ्याजवळ बसले. मी म्हटलं, "उद्या जाऊन येऊ." ते म्हणाले, "आता पाऊस आठ-पंधरा दिसावर आलाय. घेऊनच जाऊ की." मीही पुढं काही बोलले नाही. त्यांनी आतापर्यंत इतकी वाट बघितली होती की अजून थोडी बघणं मलाही वावगं वाटलं नाही.

त्या वर्षी कोंब मनगटाएवढा जाड आला. फणा उघडला तो आधीच्या दुप्पट. बहिणीला बोलावून विचारायची गरज नव्हती, कांदा पोसला होता. मामा म्हणाले, "चल."

त्यांनी वाफ्यातून मातीच्या गड्ड्यासकट तो कांदा उचलला आणि तेलाच्या कापलेल्या डब्यात बसवला. माझी जुनी मोपेड होती. मागं मामा बसले, डबा दोन्ही हातांनी पोटाशी धरून, न वाकणारा पाय बाहेर काढून. त्या पायामुळं रिक्षावाले ओरडत होते. "ओ पावणं, पाय आत घ्या की!" मामा उलट ओरडायचे, "जात न्हाय आत! तू बाजूनं जा!" उड्डाणपूल ओलांडेपर्यंत पावसाची सर आली. मी थांबले. डिकीतला प्लॅस्टिकचा कागद काढून आम्ही फुलावर टाकला. मामा स्वतः भिजत राहिले. बिंदू चौकाच्या पुढं वाऱ्याचा एक झोत आला आणि कागद फुग्यासारखा फुगला. मामांनी तो घट्ट धरला. मला मागचं काही दिसत नव्हतं.

पेठेत शिरलो तशा हाका यायला लागल्या. "ओ कीपर! इतक्या दिसानं?" मामा कोणाशी थांबून बोलले नाहीत.

फॉरवर्डच्या दारात आम्ही उतरलो. मामांनी कागद काढला. दांडा बुडापासून मोडला होता. फणा खाली डब्याच्या काठावर आडवा पडला होता. वाऱ्यानं कागद ओढला तेव्हाच मोडला असणार.

 मामा मला त्या क्षणी एकदम फार म्हातारे दिसले. मला वाटलं, आता परत फिरू म्हणतील. पण ते डबा घेऊन आत गेले.

फॉरवर्ड कॉटवर टेकून बसले होते. तो उंच माणूस अर्ध्यानं आटला होता. मामांना बघून चेहऱ्याची चांगली बाजू हलली. मामांनी डबा त्यांच्यापुढं धरला आणि म्हणाले, "आणलाय बग. वाटंत मोडला."

फॉरवर्डनी डावा हात पुढं केला. मोडलेला फणा त्यांनी डब्यातून उचलला, डोळ्यांजवळ नेला, आत डोकावून बघितलं, बोटानं तो जांभळा भाग पुसल्यासारखा केला. काहीतरी बोलले, आम्हाला समजलं नाही. त्यांची सून पुढं होऊन म्हणाली, "लय झ्याक हाय, म्हणताहेत." मग तिनं स्टीलच्या पेल्यात पाणी आणलं आणि फूल त्यात ठेवलं.

मामा कॉटच्या कडेला बसले. त्यांना बहुतेक खूप काही बोलायचं होतं. नर-मादीची गंमत सांगायची होती, कोंबड्यांची तक्रार करायची होती. त्यांनी सुरुवातही केली, पण फॉरवर्डना उत्तर देता येईना. ते जिभेशी झगडायला लागले की मामा घाबरून थांबायचे. शेवटी त्यांनी गोष्ट अर्धीच सोडली. फॉरवर्डचा डावा हात मामांच्या त्या गुडघ्यावर होता. तासाभरानं त्यांना झोप लागली, तेव्हा मामांनी तो हात उचलून हळूच अंथरुणावर ठेवला.

"आता दर आठवड्याला येतो," मामांनी सुनेला सांगितलं. पण त्या दिवशीच्या भिजण्यानं त्यांना ताप भरला, छातीत कफ झाला. ते उठून फिरायला लागेपर्यंत फॉरवर्ड गेले होते.

बाराव्याला आम्ही गेलो. जेवणं झाल्यावर फॉरवर्डचा मुलगा मामांजवळ येऊन बसला. चांगला, साधा माणूस. त्याच्या मनात काही टोचून बोलायचं नव्हतं, आठवण म्हणून तो सांगत होता. "बाबा लय नाव काढायचे तुमचं. उचगावला जाऊन येऊया म्हणायचे. मी म्हणायचो, चला की, गाडी काढतो. तर म्हणायचे, बोलीवल्याबिगर कसं जायाचं? त्याचं फूल आलं की बोलीवतोय त्यो. मी म्हटलं, फूल तर तुम्ही बावड्याला गेलं की बघताय. तर म्हणायचे, फूल कुणाला बघायचंय खुळ्या?"

मामांनी मान हलवली. "व्हय, व्हय," असं दोनदा म्हणाले आणि उठून चपला शोधायला लागले. चपला त्यांच्या पायाजवळच होत्या.

घरी आल्यावर ते मागं गेले नाहीत. कितीतरी दिवस गेले नाहीत. डब्यातला कांदा मीच परत वाफ्यात लावला. दांड्याबरोबर पानाचा कोंबही मोडला होता, त्यामुळं त्या वर्षी कांद्याला पोसायला काही मिळालं नाही. पुढच्या पावसाळ्यात आला तो काडीएवढा कोंब आणि तळहाताएवढं पान.

ते पान बघून एका संध्याकाळी मामा माझ्याशी बोलले. "पोरी, म्या फूल कशाला मधी घातलं गं? नुसतं ये म्हटलं असतं तर काय झालं असतं?"

 मी म्हटलं, "तुम्हाला त्यांना चांगलं दाखवायचं होतं."

"दाखवायचं न्हवतं. मला भ्या वाटत हुतं. फूल नसलं तर बोलायचं काय त्येच्यासंगं?"

तीस-पस्तीस वर्षं वाया गेली होती, ती कुणालाच परत आणता आली नसती. पण त्यानंतरची पाच-सहा वर्षं हातात होती. मोपेडवरून अर्ध्या तासाची वाट होती. ती वर्षं आम्ही एका कांद्याच्या भरवशावर सोडून दिली. त्या वैशाखात मी हट्ट धरायला हवा होता, असं मला अजून वाटतं. तेव्हा फॉरवर्डना थोडंफार बोलता तरी येत होतं, असं सून नंतर म्हणाली.

त्यानंतर मामांनी एक केलं. कोणाला ना कोणाला घरी बोलवायला लागले. भाजीवाली, कंपनीच्या बसचा ड्रायव्हर, पेठेतले जुने खेळाडू. भर जानेवारीत, वाफा कोरडा पडलेला असताना, मागच्या सावलीत खुर्च्या टाकून चहा व्हायचा. "हितं काय लावलंय?" कुणी विचारलं तर म्हणायचे, "हाय कायतर. चहा घ्या." पेठेतही जायचे, मोकळ्या हातानं जायचे. मीच सोडायला जात असे. कट्ट्यावर बसवून मी बाजार करून यायचे तोवर त्यांचा आवाज परत पूर्वीसारखा गल्लीभर ऐकू यायचा. मला बरं वाटायचं. पण परतताना फॉरवर्डच्या घरावरून जायची वेळ आली की ते मला दुसऱ्या गल्लीनं गाडी घ्यायला लावायचे. मी कधी कारण विचारलं नाही.

दोन हजार दहा साल यायच्या जरा आधी मामा गेले. आजारी असे फार पडले नाहीत. शेवटच्या पावसाळ्यात सापकांद्याला बरंच मोठं पान आलं होतं आणि ते त्याच्याजवळ बसून पेपर वाचायचे. फूल कधी येईल, असं त्या वर्षी त्यांनी एकदाही विचारलं नाही.